मुरमुऱ्याची टोपली

ससा पांढराशुभ्र होता आणि दिवसभर मुरमुरेच खायचा, म्हणून डिंपलने त्याचं नाव मुरमुऱ्या ठेवलं होतं. फुलचूरची ही डिंपल लग्न होऊन रायपूरला गेली, आणि जाताना ससा आपल्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, सौंदडच्या प्रेरणाकडे सोपवून गेली. सोबत पाण्याची वाटी आणि मुरमुऱ्यांची भलीमोठी पिशवी दिली. गवताची एक काडी नव्हती.

प्रेरणा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. सशाने गवत खायला हवं एवढं तिला ठाऊक होतं. ते खाल्लं नाही तर काय होतं, हे मात्र गोंदियाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून दाखवलं. मुरमुऱ्याच्या दाढांना सुईसारखी टोकं आली होती आणि एक टोक गालाला टोचू लागलं होतं. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावून चावून झिजतात. मुरमुरे तर तोंडात गेले की विरघळतात.

"इसकी दवा घास ही है, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर बघा. नाही झिजले तर नागपूरला न्यावं लागेल, भूल देऊन घासतील. पण एवढ्याशा जिवाला भूल... उठेलच असं मी नाही सांगत."

भुलीची गोष्ट प्रेरणाने घरी सांगितली नाही. दात वाढलेत, गवत द्यायचंय, मुरमुरे बंद, एवढंच सांगितलं.

गवताचा तोटा असायचं कारण नव्हतं. धानाची मळणी झालेली, आणि मागच्या परसात, सांदवाडीत, तणसाचा म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग उंचीत घराला मागे टाकत होता. तिने त्यातली मूठभर आणून ठेवली. मुरमुऱ्याने नाक हलवलं आणि पाठ फिरवली. मग तिच्याच लक्षात आलं की दाणा काढून घेतल्यावर उरलेली ती काडी, बैल खातील, सशाला ती चटईच. त्याला हवं फुलायच्या आधी कापून वाळवलेलं गवत. ते इथे कोणी करत नाही. तणस असताना गवत वाळवायला कोणाला वेळ आहे? शेवटी तीच विळा घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गेली आणि हरळी कापून मागच्या पडवीत, सपरीत पसरली.

वडील शालीकराम कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "ढिगानं तनस पडून आहे अन् पोरगी गवत वाळवून राहिली. लोक म्हनतीन, शालीकरामच्या घरचा चारा सरला."

"बी.एस्सी. केली त गवत कापाले," आई सुशिलाबाई चुलीपाशी बसून म्हणाली.

मुरमुऱ्या मागच्या सपरीत राहायचा. एका कोपऱ्यात लाकडाच्या भुशाचं घमेलं होतं. तोच त्याने आपला संडास ठरवला होता. ससा तिथे बसल्या बसल्या गवत चघळतो हे प्रेरणाने वाचलं होतं, म्हणून गवताची टोपली तिने घमेल्याला लागूनच ठेवली. सकाळी पाहिलं तर अर्धं गवत संपलेलं. तिचा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या सकाळी मात्र टोपली भरलेली, जशीच्या तशी. तिसऱ्या सकाळी पुन्हा थोडं खाल्लेलं. आणि दरवेळी टोपली घमेल्यापासून सरकून पार पलीकडे, पाण्याच्या वाटीजवळ गेलेली.

मुरमुऱ्याला वाटी दातात धरून ओढताना तिने पाहिलं होतं. म्हणजे टोपलीही तोच ओढत असणार. त्याला गवत पाण्याजवळ हवंय तर! तिने मुकाट्याने टोपली तिकडे ठेवली. टोपली तिथून हलली नाही, पण मुरमुऱ्याने त्यातली काडीही उचलली नाही.

आता काय समजायचं? जिथे ठेवली तर खातो, तिथून तो ती काढतो. जिथे नेतो, तिथे ठेवली तर खात नाही. तिने गवत बदललं. नाल्याकाठचं आणलं, उन्हातलं आणि सावलीतलं वेगळं ठेवलं, कोथिंबिरीच्या काड्या मिसळल्या. एका दिवशी जे लागू पडावं ते दुसऱ्या दिवशी खोटं ठरे. दरम्यान मुरमुऱ्या वाळत चालला होता आणि चावताना मान तिरपी करू लागला होता.

शेवटी तिने टोपली पुन्हा घमेल्याजवळ नेली आणि सुतळीने खांबाला घट्ट बांधली. ओढ आता!

सकाळी टोपली पाण्याजवळ होती. तिथल्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली. आणि गाठ होती वासराला दावणीला बांधतात ती, एका ओढीत सुटणारी.

प्रेरणाने ती गाठ बोटांनी चाचपून पाहिली. मग हाक मारली, "माय! ही गाठ तू बांधली?"

"मंग का सशानं बांधली?"

"काऊन पण?"

"काऊन म्हनते! त्याच्या हागाच्या जागेले लागून जेवाले ठेवते तू. कोनाचं ताट असं ठेवते का कोनी? मुका जीव आहे, बोलत नाही म्हनून काहीही करावं? मी रोज सरकवतो."

"रोज? कधी?"

"दिसली का सरकवतो. कधी दिवा लावाच्या टायमाले, कधी पाहाटे झाडतानी."

प्रेरणाने एकेक सकाळ आठवून पाहिली. पहाटे सरकवली, तर त्याआधी रात्रभर मुरमुऱ्या पोटभर खात होता. दिवेलागणीला सरकवली की उपाशी. इतके दिवस तिने उन्हाचं आणि सावलीचं गवत तोललं, आणि मोजलं गेलं ते आईची नजर टोपलीवर कधी पडते एवढंच.

"माय, तो तिथं बसूनच खातो. सगळे ससे तसेच."

"छी!"

"आपली लेंडीबी खातो, थोडी. लागते त्याले ती."

सुशिलाबाईंनी पदर नाकाला लावला. "असं जनावर देल्लं त्या डिंपलनं तुले? सांगून त द्याचं होतं!"

"अन् आपले बैल? गव्हाणीपुढंच शेण टाकतात ना? त्यांची गव्हाण सरकवते का तू?"

"पाइंटची गोष्ट केली पोरीनं," शालीकराम दारातून म्हणाले.

"तुमी चूप बसा जी. शेन आहे ते. शेनानं मानुस घर सारवते. शेनाचा अन् याचा का संबंध?"

 शेवटी प्रेरणाने जे सांगायचं टाळलं होतं ते सांगितलं. नागपूर, भूल, आणि हा कदाचित उठणारच नाही.

सुशिलाबाईंनी मुरमुऱ्याकडे पाहिलं. तो मान तिरपी करून रिकामंच तोंड हलवत होता.

"म्हंजे म्या टोपली..." एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून गोठ्यात गेल्या. परतल्या त्या शेणाचा गोळा घेऊन. घमेलं बाजूला केलं, कोपरा झाडला आणि भिंतीपर्यंत छान गोल हात फिरवत सारवून काढला.

"हा आता गोठा झाला," घमेलं जागेवर ठेवून हात धुताना त्या म्हणाल्या. "गोठ्यात चालते. ठेव टोपली इथं."

ओल्या शेणाचा वास आला तसा मुरमुऱ्या पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटला. दिवसभर कोपऱ्याकडे फिरकला नाही. प्रेरणापेक्षा सुशिलाबाईंचीच उलघाल जास्त. भाजी निवडतानाही त्या वाकून वाकून बघत. सारवण वाळलं तेव्हा कुठे तो टुणकन आला, घमेल्यात चढला, कान मागे पाडून बसला आणि टोपलीतली एक काडी ओढली. कर्र, कर्र, कर्र.

"खाय बापू, खाय," सुशिलाबाई तोंड फिरवून म्हणाल्या. "मी नाही पायत."

महिना भरल्यावर दोघी पॅसेंजरने गोंदियाला गेल्या. डॉक्टरांनी पुन्हा टॉर्च मारला, आतली टोकं चाचपली. "बोथट झाली. नागपूर कॅन्सल. घास चालू ठेवा." सुशिलाबाईंनी डॉक्टरांनाच हात जोडले.

परतीच्या गाडीची वाट बघत प्रेरणा फलाटावर विचारात पडली. नक्की कशाने झालं? जागेने? टोपली एका जागी राहिली म्हणून? की हल्ली आईच सकाळी धुऱ्यावर जाऊन कोवळे शेंडे निवडून आणते, त्याने? सगळं एकदमच बदललं. वेगळं काढायचं तर एकच रस्ता होता.

"माय, चार दिवस टोपली पाण्याजवळ ठेवून पाहिली पाहिजे. तेव्हाच समजेल."

"तू टोपलीले हात त लावून पाय!"

पिशवीच्या तोंडातून दोन पांढरे कान वर आले होते. चार दिवसांत दात कितीसे वाढतील, याचा हिशेब प्रेरणाच्या मनात आपोआप सुरू झाला, आणि तिने तो मधेच सोडून दिला. गाडी आली. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती डब्यात चढली.