पोकळ खोडाचा दाखला

“पोकळ आहे का रे?” बोंग-रे आजींनी खालून विचारलं.

ग्योंग-सू शिडीवर उभा राहून खोडावर लाकडी हातोडी ठोकत होता. “पोकळ आहे. पण कडेचं लाकूड वीतभर जाड आहे, निब्बर. झाड त्यावरच उभं असतं, आजी.”

“माझ्या दोन्ही गुडघ्यांत लोखंड घातलंय. मला नाही कुणी तोडायला निघालं!”

“तुम्हाला तोडेल अशी करवत अजून बनायचीय.”

झाडाखालच्या लाकडी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या खदखदून हसल्या.

ग्योंग-सू झाडांचा डॉक्टर होता. गावाच्या वेशीवरचं हे झेल्कोवाचं झाड चारशे वर्षांचं. अकरा वर्षांपूर्वी वादळात ते चिरफाळलं, तेव्हा बोंग-रे आजीच दोन बस बदलून त्याच्याकडे आल्या होत्या. त्याने पूर्वेच्या फांदीला टेकू दिला, चीर पोलादी दोराने आवळली. तेव्हापासून दर वसंतात तो न बोलावता यायचा आणि आजींकडे जेवून जायचा.

यंदा ऑगस्टमध्ये पश्चिमेची फांदी कोसळली. खाली आजींच्या मुलाची, सांग-गूची गाडी होती. त्याची दोन्ही मुलं नुकतीच उतरून आत गेली होती. गाडीचं छप्पर सीटला टेकलं. झाड तोडायची मागणी झाली आणि तपासणीचा दाखला ग्योंग-सूकडून मागवला गेला.

परगणा कचेरीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. “धोकादायक आहे की नाही, एवढंच लिहा.”

“धोकादायक आहे. पण शेंड्याचा भार एक तृतीयांश उतरवला, आणखी तीन टेकू दिले, तर—”

“ ‘पण’साठी रकाना नाहीये, डॉक्टर.”

खोटं लिहिणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने ‘होय’ लिहिलं आणि उपाय लिहिलेला वेगळा कागद मागे टाचला.

गावच्या बैठकीत सरपंचाने फक्त वरचा कागद मोठ्याने वाचला आणि फाइल मिटली. ग्योंग-सू उठून उभा राहिला. मागच्या कागदावरचं सगळं त्याने तोंडी सांगितलं. सरपंच शांतपणे ऐकत होता.

“म्हणजे यापुढे फांदी पडणार नाही, असं लिहून देता?”

“असं कुठल्याच झाडाबद्दल लिहून देता येत नाही. तुम्ही नवं लावाल त्याबद्दलही नाही.”

“मग बसा, डॉक्टर.”

झाड तोडायच्या बाजूने हात वर झाले. बोंग-रे आजींचा हात सगळ्यांत शेवटी, खांद्याइतकाच वर आला. ग्योंग-सूकडे त्यांनी पाहिलं नाही.

बाहेर बूट घालताना त्या त्याच्याजवळ आल्या. “सांग-गू म्हणाला, झाड असेपर्यंत पोरांना आणणार नाही. तू मला झाड वाचवून देशील. नातवंडं कुठून देशील?”

बुटाची नाडी त्याने उगाच दोनदा बांधली.

नोव्हेंबरात झाड पाडलं. दाखल्यावर त्याची सही होती, म्हणून त्यालाच देखरेखीला उभं केलं. करवत लागण्याआधी आजींनी मुळाशी तांदळाची दारू ओतली आणि घरी निघून गेल्या. क्रेनवाल्यांना दोन दिवस लागले. बुंधा आडवा झाल्यावर त्याने कडेच्या लाकडाला वीत लावली. वीतभर होतं, वर दोन बोटं.

“बरोब्बर सांगितलं होतंत की, डॉक्टर!” क्रेनवाला कौतुकाने म्हणाला.



त्या जागी तीन रोपं लावली. मनगटाएवढी. प्रत्येकाला तीन-तीन काठ्यांचा आधार.

पुढच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या गावी काम निघालं, म्हणून तो वेशीवर थांबला. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. ओट्याच्या फळ्यांवर हात टेकवत नव्हता. म्हाताऱ्या पाण्याच्या पंपघराच्या भिंतीला चिकटून, चटया टाकून ओळीने बसल्या होत्या.

“सांग-गू आला होता?” त्याने विचारलं.

“आला होता की. पोरांना घेऊन.” आजी सुपातल्या वाळलेल्या मिरच्यांचे देठ काढत होत्या. “जेवले आणि निघाले. पोरांना बाहेर खेळवत नव्हतं. ऊन फार म्हणाली.”

पलीकडची एक म्हातारी पंख्याने स्वतःला वारा घालत राहिली.

ऊन आजींच्या पायांवर आलं, तसं त्यांनी मिरच्यांचं सूप उचललं आणि बूड न उचलता चटई भिंतीकडे ओढली. मग बाकीच्यांनीही एकामागून एक आपापल्या चटया ओढल्या.

“बस,” शेजारची हातभर जागा झटकत त्या म्हणाल्या. “इथं अजून पाऊण तास ऊन येत नाही.”

तो बसला आणि त्याने मूठभर मिरच्या देठ काढायला घेतल्या.