लागीला विचारलेला प्रश्न

"अगं ए लागी, लेकरू केव्हाचं टाहो फोडतंय! कान बसलेत का तुझे?"

तौसागा चुलीपासून ओरडली. तिची सून खांबाला टेकून बसली होती. बाळंतिणीसाठी केलेली शहाळ्याची खीर तिच्यापुढे तशीच निवून गेली होती. चटईवर तान्ही मुलगी रडून लालेलाल झाली होती. लागी तिच्याकडे पाहत होती, पण रस्त्यानं चाललेल्या परक्याच्या पोराकडे पाहावं तशी.

"घेते ना, आई," ती म्हणाली, आणि हलली नाही.

शेवटी तिच्या नवऱ्यानं, सेफोनंच लेकीला उचललं. सवाइई बेटाच्या किनाऱ्यानं बोटीच्या धक्क्यापर्यंत बस चालवणारा हा माणूस. लग्नाआधी लागी त्याच्या बसमध्ये बसली की तिचं हसणं इंजिनाच्या वर ऐकू यायचं. आता ती केससुद्धा विंचरत नव्हती. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून आरशात पाहिलं असेल, म्हणून भूत लागलं, असं शेजारी म्हणत. अंग चोळणारी म्हातारी तेल घेऊन आली. तिनं लागीच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला आणि उठली. "सेफो, हे माझ्या तेलानं उतरायचं नाही. नर्सबाईंना आण."

नर्स पिसिलाबाई त्याच्याच बसनं आल्या. कोको प्यायल्या, बाळाला बघितलं, मग लागीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारता विचारता त्याच सुरात म्हणाल्या, "जीव द्यावासा वाटतो का गं?"

सेफो ताडकन उठला. "बाई, काय भलतंसलतं विचारता! नसेल ते तिच्या डोक्यात भरवाल."

"विचारल्यानं कुणाच्या डोक्यात शिरत नाही ते. असलं तर बाहेर येतं."

लागीनं बाळाकडे पाहिलं. "रोज वाटतं," ती म्हणाली. "ही माझ्याकडे टक लावून बघते ना, तेव्हा वाटतं, हिला कळलंय. मी गेले तर हिला कुणी बरी आई तरी मिळेल."

पिसिलाबाईंनी तिचा हात धरला. "हा आजार आहे, बाळा. पुष्कळ बायांना होतो, एखाद्या बापालाही होतो. पाजतानाही चालेल असं औषध डॉक्टर देतील. गुण यायला आठवडे लागतील. सेफो, तोवर हिला एकटं सोडायचं नाही आणि हिची झोप मोडू द्यायची नाही. आज दवाखान्यात चला."

"तुमच्या वेळी होते का गं असले आजार?" सेफोनं आईकडे वळून विचारलं. ती 'छे' म्हणेल याची त्याला खात्री होती.

तौसागा चुलीतलं लाकूड उगीच पुढेमागे करत राहिली.

"होते," ती म्हणाली. "तू झालास तेव्हा मी समुद्रात गेले होते. गळ्यापर्यंत. लाट आली, नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, आणि त्या ठसक्यासरशी पान्हा फुटला. म्हणून परत फिरले. ओलं अंग बघून तुझा बाप म्हणाला, मासे मिळाले का? एवढंच काय ते विचारलं कुणी."

सेफो आईकडे बघतच राहिला. डोक्यावर केळीचा घड घेऊन डोंगर उतरणारी, सगळ्या गल्लीला दरडावणारी ही बाई! जन्मभर तिच्या हातचं खाल्लं, आणि ती कुठून परत आली होती ते आज कळत होतं. त्याला तिच्यापुढे उभं राहवेना. तो खाली बसला.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे काहीच फरक दिसेना. "काही उपयोग नाही, बंद करते मी," म्हणून लागी रडली, तेव्हा पिसिलाबाई पुन्हा आल्या, डॉक्टरांनी औषध वाढवलं. तौसागा नातीला स्वतःपाशी निजवी, दुधापुरती सुनेकडे नेई. दुपारी शेजारणी पाळीपाळीनं येऊन बसत. भुताचं नाव कुणी काढलं की तौसागा म्हणे, "भूत गेलं तुझ्या घरी. तू इथं बसून नारळ खीस."

मग एका सकाळी जेवता जेवता लागी म्हणाली, "आई, मीठ जास्त झालंय."

आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं तौसागानं कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. ती उठून घरामागे गेली आणि हाताला लागेल त्या फडक्यानं डोळे पुसत उभी राहिली.

तपासणीच्या दिवशी तिघी सेफोच्या बसमध्ये चढल्या. बस गच्च भरली होती. अशा वेळी इथं जो तो दुसऱ्याच्या मांडीवर बसतो. तौसागाला जागा मिळाली, तिच्या मांडीवर लागी बसली, लागीच्या मांडीवर लेक. गाव सुटता सुटता तिघींचाही डोळा लागला. म्हातारीचे हात सुनेच्या कमरेभोवती, सुनेचे लेकीभोवती.

सेफोला आरशात ते दिसलं.

"काय रे सेफो, आज गाणी नाहीत?" मागून कुणीतरी ओरडलं. "मयताला चाललोय का आपण?"

पुढचा खड्डा बघून त्यानं बस अगदी सावकाश, कडेकडेनं घेतली.