स्पर्शदादाची दोन पथ्यं

शटर अजून अर्धंच वर गेलं होतं आणि रांग जिना उतरून खालच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचली होती. प्रत्येकाच्या हातात चरे पडलेली गेमची डिस्क आणि बगलेत तो गेम चालवणारा अख्खा कन्सोल. कुणी तो पिशवीत आणला होता, कुणी उशीच्या अभ्र्यात. एका आजोबांनी नातवाचा कन्सोल तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता आणि धक्का लागला की ते मागच्यावर खेकसत होते.

ही सगळी मंडळी स्पर्शदादाची वाट बघत होती.

स्पर्शदादा म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत गेमच्या डिस्क भाड्याने देणारा साधा दुकानदार. लोक घरबसल्या गेम उतरवून घ्यायला लागले, दुकान ओस पडलं, माश्या मारायची वेळ आली. आणि नेमक्या त्याच सुमारास, काय योगायोग बघा, त्याच्या हाताला गुण आला! आता काउंटरवर काळी मखमल होती, वर निळा दिवा होता आणि आवाज पूर्वीपेक्षा दोन पट्ट्या खाली गेला होता.

"डिस्क म्हणजे काय?" तो डोळे मिटून विचारायचा. "डिस्क म्हणजे आठवण. आठवणीची जखम वर दिसते, पण असते आत. ओरखडे घासून देणारे बाजारात ढिगाने आहेत. मी ओरखड्याला हात लावत नाही. मी आतली लहर जोडतो!"

कुठली लहर, कशाला जोडतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तो डिस्कवरून तळहात फिरवायचा, घशातल्या घशात गुणगुणायचा आणि डिस्क नि कन्सोल दोन्ही ठेवून घ्यायचा. लहर मुरायला एक दिवस लागतो म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच कन्सोलमध्ये तीच डिस्क घातली की गेम झकास चालू. डिस्क उलटी करून बघावी, तर ओरखडा जागच्या जागी! लोकांचे डोळे विस्फारायचे. निघताना दादा दोन पथ्यं सांगायचा.

"बरा झालेला गेम यंत्रातून पुसायचा नाही. बरी झालेली डिस्क परक्या यंत्रात घालायची नाही. पथ्य मोडलं की लहर तुटते, मग माझ्याकडे यायचं नाही."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे चष्म्याचं दुकान होतं. तिथे बसणारी चष्मेवाली ही दादाची सख्खी धाकटी बहीण. वडिलांच्या एका दुकानाचे दोघांनी दोन भाग केले होते, त्यामुळे ही लहर दिवसभर तिच्या कानावर पडायची. सुरुवातीला तिने हसून विचारलं होतं, "दादा, हे काय नवीन खूळ?"

"चालू दे गं," तो डोळा मिचकावून म्हणाला होता. "लोक खूश, मी खूश."

पॉलिश करत असेल, वरून थोडं नाटक, असं तिने गृहीत धरलं. काचा घासण्यात तिचीही वीस वर्षं गेली होती. हलका चरा पॉलिशने जातो, हे तिला ठाऊक होतं. कुणी विचारलं तर तीही म्हणायची, "हो, दादाच्या हाताला गुण आहे." भावाचं दुकान चालतंय, आपल्या तोंडाने कशाला मोडता घाला?

मग तिच्या सहावीतल्या लेकीने गेम चालू असतानाच कन्सोल उचलला आणि आत फिरणाऱ्या डिस्कवर गोल चरा पडला. मामाने तीही कन्सोलसकट ठेवून घेऊन एका दिवसात बरी करून दिली. चष्मेवालीने सवयीने डिस्क भिंगाखाली धरली. चरा होता तसाच होता. कडा धारदार, पॉलिशचा मागमूस नाही. आणि गेम मात्र चालत होता. पॉलिश नाही, तर मग काय? दोन दिवस तिला, खरं सांगायचं तर, लहर खरीच असावी असं वाटायला लागलं होतं.

रविवारी ती आईकडे गेली. आई दादाजवळच राहायची. आईला काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब आटोक्यात ठेवायला रोज थेंब घालायचे होते आणि थेंबांची बाटली दर महिन्याला चष्मेवाली स्वतः आणून द्यायची. त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून येताना डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीवर आपटली. मग डावीकडे ठेवलेला पेला तिने हाताने उडवला आणि "कुणी ठेवला इथे?" म्हणून चिडली.

चष्मेवालीने कपाट उघडलं. आत बाटल्या होत्या. सहा बाटल्या, सहाही सीलबंद.

"आई, हे काय?"

"अगं, चुरचुरतात ते थेंब. आता लागत नाहीत. दादा रोज सकाळी डोळ्यांवर हात ठेवतो ना."

"आणि तू एवढ्यावर थेंब बंद केलेस?"

"एवढ्यावर काय म्हणतेस? डिस्क बऱ्या होतात त्या खोट्या? तुझ्या लेकीची झालीच की. वरून चरा तसाच, आतून बरी. भिंगातून तूच बघितलीस ना? डोळ्याचंही तसंच." आई समजावणीच्या सुरात म्हणाली. "आणि हाताला गुण आहे, हे तूच तर सांगत फिरतेस."

चष्मेवालीने सहाही बाटल्या पिशवीत भरल्या.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईची तपासणी केली आणि कागद पुढे सरकवला. डाव्या डोळ्याला किती दिसतं त्याचं चित्र जवळजवळ काळं होतं, मधे तेवढी खिडकी उरलेली.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेली थेंबांनी राखता येईल. सहा महिन्यांपूर्वी हा डोळा बराच शाबूत होता."

चष्मेवाली घरी परतली तेव्हा लेक कन्सोलसमोर कुरकुरत बसली होती. पडद्यावर जागा शिल्लक नसल्याची सूचना होती.

"आई, नवा गेम बसत नाहीये. मोठा पुसला तर जागा होईल, पण मामाचं पथ्य आहे."

"पुसायचा म्हणजे? गेम डिस्कवर असतो ना?"

"काय गं आई! डिस्कवरून गेम एकदा आतल्या साठवणीत कॉपी होतो. मग तो तिथूनच चालतो. डिस्क नुसती घालून ठेवायची, आपल्याकडे ती आहे हे कन्सोलला कळायला."

"आणि आपली डिस्क कशात बिघडली होती?"

"कॉपी होत नव्हती. चाळीस टक्क्यांवर अडकायची."

"मामाकडून आली तेव्हा?"

"तेव्हा गेम आत आलेलाच होता. अख्खा." लेकीचा हात हवेतच थांबला. "आई, मामाच्या त्या भाड्याच्या कपाटात प्रत्येक गेमची चांगली डिस्क आहे."

"पूस तो गेम," चष्मेवाली म्हणाली.

लेकीने गेम पुसला आणि बरी झालेली डिस्क पुन्हा घातली. आकडा चढत गेला, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि तिथे अडकला तो अडकलाच.

मंगळवारी सकाळी पुन्हा रांग लागली. चष्मेवाली आईचा हात धरून थेट काउंटरपाशी गेली आणि तिने डिस्क मखमलीवर ठेवली.

"दादा, ही तुझ्या दुकानातल्या कन्सोलमध्ये घालून दाखव."

"परक्या यंत्रात नाही चालत, पथ्य—"

"तुझं यंत्र परकं कसं? लहर तूच जोडलीस ना?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कन्सोलवाले आजोबा पुढे सरकले. "घाला की हो! आम्हालाही बघू द्या."

आता माघार घ्यायची सोय नव्हती. दादाने डिस्क घातली. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा चढला आणि चाळीसवर थांबला.

"तुम्ही लोकांनी शंका घेतलीत!" दादा ओरडला. "लहर तुटली!"

"लहर नव्हतीच," चष्मेवाली रांगेकडे वळली. "तुम्ही कन्सोल ठेवून जाता. दुकान बंद झाल्यावर दादा त्या कपाटातली चांगली डिस्क घालून गेम तुमच्या कन्सोलमध्ये उतरवतो. तुमच्या डिस्कचं मग फक्त तोंड बघितलं जातं, तेवढ्यापुरती ती अजून चालते. म्हणून गेम पुसायचा नाही आणि दुसऱ्या यंत्रात घालायची नाही. ज्या दोन गोष्टी केल्या की पितळ उघडं पडेल, नेमकी त्यांनाच मनाई. पथ्य तुमच्यासाठी नव्हतं, त्याच्यासाठी होतं."

आजोबांनी कन्सोल हळूच खाली ठेवला. "एवढंच सरळ सांगितलं असतं तरी आम्ही आलो असतो की हो. कामाचीच गोष्ट होती."

"गंमत होती ती," दादा बहिणीला दबक्या आवाजात म्हणाला. "मी कुणाचं काय वाईट केलं?"

तिने पिशवीतून सहा बाटल्या काढल्या आणि एकेक करून मखमलीवर मांडल्या.

"थेंब सोड असं मी आईला कधीच म्हणालो नाही!"

"नाही म्हणालास. पण त्या हातात काही नाही, हे अख्ख्या जगात एकट्या तुला माहीत होतं. आणि तोच हात तू रोज सकाळी तिच्या डोळ्यांवर ठेवत होतास." तिने शेवटची बाटली त्याच्याकडे सरकवली. "परक्यांना फसवलंस ते फसवलंस. दादा, ती तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होती रे!"

दादा काउंटरमागून बाहेर आला आणि आईच्या डाव्या बाजूला उभा राहिला. आईने समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "कुठे गेलास?"

तो हातभर अंतरावर होता.

हा चमत्कार कुणी केला, ते विचारायची गरज उरली नव्हती. डिस्क बिघडली तर दुसरी मिळते, साठवण भरली तर जागा करता येते. डोळ्याचं तसं नाही. आणि याची सुरुवात कुठे झाली होती? एका निरुपद्रवी गमतीत, जिच्याकडे शहाण्यासुरत्या बहिणीनेही कानाडोळा केला होता. म्हणून सांगतो, तपासून बघू नका असं जो म्हणेल, त्याला सगळ्यात आधी तपासा. तो सख्खा असला तर जरा जास्तच.

संध्याकाळी आईला आपल्या घरी आणून चष्मेवालीने नवी, सातवी बाटली उघडली. आई खुर्चीत बसली होती, दादा दाराशी हात खिशात घालून उभा होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही.

"हे तरी खरं आहे ना गं?" आईने विचारलं. तिने आयुष्यात पहिल्यांदाच असं विचारलं होतं.

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस," चष्मेवाली म्हणाली. "दर महिन्याला दाब मोजून घेऊ. आकडा तुला वाचून दाखवीन. डॉक्टरांनाही विचार."

आईने थोडा विचार केला. मग मान मागे टाकली आणि स्वतःच्या बोटाने खालची पापणी ओढून धरली.