चार बोटं ओल

डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची एक अरुंद पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण दहावीच्या निकालालाही उडालं नव्हतं असं धम्मशीलेचं काळीज उडत होतं.

दोन वर्षं तिच्या डोळ्यांत वाळू सलत होती. पालमच्या शाळेत मराठी शिकवताना फळ्यासमोर उभं राहून खडूची धूळ खाल्ल्यावर दुसरं काय होणार, असं ती धरून चालली होती. भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नसे, तेही तिनं सवयीत जमा केलं होतं. शेवटी अक्षरं धुरकट दिसायला लागली, वाचन बंद पडायची वेळ आली, तेव्हा गेल्या आठवड्यात ती परभणीला डॉक्टर रेणुकांकडे आली. त्यांनी रक्त घेतलं आणि सहज विचारलं, "रडताना डोळ्यांतून पाणी येतं?"

हाच प्रश्न महिन्याभरापूर्वी तिला सगळ्या भावकीसमोर विचारला गेला होता, पण तेव्हा तो प्रश्न नव्हता. बाबा, म्हणजे तात्याराव, गेले होते, अंगणात बायाबापड्या ऊर बडवत होत्या, आणि सुलाआत्या, बाबांची सख्खी बहीण, मोठ्यानं म्हणाली होती, "बाप गेला, अन् पोरीच्या डोळ्यात टिपूस न्हाई. लय शिकलेली हाय ना." सगळ्या माना वळल्या होत्या. तेव्हापासून रोज सकाळी चहाचे दोन कप काढून एक परत ठेवताना धम्मशीलेला वाटायचं, आत्याचं खरं तर नसेल?

आज तीच आत्या शेजारी बसली होती. दवाखान्यात एकट्यानं जायचं नसतं म्हणून भाकरी-ठेच्याचं गठुडं घेऊन ती सकाळीच एसटीत येऊन बसली होती.

"दुखायलंय का गं?" आत्यानं विचारलं.

धम्मशीला गप्प.

"बोलंना की. डॉक्टरीणबाई, ही बोलंना."

"मीच सांगितलंय मावशी, बोलू नका म्हणून."

"मंग बरंय. घरी बी आसंच आसतंय."

घड्याळ वाजलं. डॉक्टरांनी पट्ट्या काढून उजेडात धरल्या. "उजवा चार. डावा तीन."

"काय चार?" आत्या पुढं सरकली.

"ओल, मावशी. कागद किती ओला झाला ते मोजतो आम्ही."

"चार!" आत्यानं मांडीवर थाप मारली. "मंग बेस हाय की! चार ओलीवर आमचा दादा डोळे झाकून पेरायचा!"

डॉक्टरांना काही कळेना. धम्मशीलेला कळलं आणि तिला हसू फुटलं, महिन्याभरात पहिल्यांदा. बाबा पेरणीआधी रानात उकिडवे बसायचे, खुरप्यानं माती उकरायचे आणि त्या खड्ड्यात बोटं आडवी लावून ओल मोजायचे. चार बोटं भरली तरच तिफण जुंपायची.

"बोटं नाहीत हो," डॉक्टर म्हणाल्या. "चार मिलिमीटर. दहाच्या वर पाहिजे."

आत्यानं ती पट्टी मागून घेतली, तिचा ओला भाग आपल्या करंगळीच्या नखाशी लावून बघितला. "हे तर नखाएवढं बी न्हाई," ती पुटपुटली. मग भाचीकडं बघून म्हणाली, "मंग त्या दिशी तू..."

धम्मशीलेच्या अंगातून मात्र सरसरून काहीतरी वर चढलं. चार! तीन! कागदावर मोजता येणारी गोष्ट! महिनाभर ती स्वतःच्या आत दगड शोधत होती, आणि इथं एक बाई चष्मा सावरून आकडा सांगत होती.

"डॉक्टर, म्हणजे मला रडू आलं नाही ते यामुळंच?"

"असू शकतं." डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट उघडला. "पण छातीठोक नाही सांगणार. एक आजार असतो. शरीर स्वतःच्याच पाण्याच्या ग्रंथींवर उलटतं. डोळे कोरडे, तोंड कोरडं. तुमची एक तपासणी त्या बाजूनं बोलते. पण जी मुख्य, ती नाही म्हणते. आहेही आणि नाहीही, असं प्रकरण आहे."

"मग?"

"थेंब आजपासूनच सुरू करू. पाणी नाकात उतरतं ती भोकं बुजवता येतात, म्हणजे आहे ते पाणी टिकतं. प्रश्न पुढचा आहे. सहा महिने थांबून पुन्हा रक्त बघायचं, किंवा सांधेवाताच्या डॉक्टरांची गोळी अंदाजानं चालू करायची. डोळ्यांना तिचा फार उपयोग होईलच असं नाही. नाहीतर बायोप्सी. खालच्या ओठाच्या आतून ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन-चार ग्रंथी काढून तपासायच्या."

आत्या ताडकन उठली. "बायोप्सी? भावकीतल्या सितारामची केल्ती बायोप्सी! तीन म्हयन्यात गेला बिचारा!"

"ती कॅन्सरची होती, मावशी. ही त्यासाठी नाही."

"अन् डोळा दुखायलाय तर ओठ कामून कापायलाव?"

"ओठातही त्याच पाण्याच्या ग्रंथी असतात. तिथून काढणं सोपं." मग डॉक्टर धम्मशीलेकडं वळल्या. "क्वचित ओठाला बधिरपणा राहतो. आणि रिपोर्ट दर वेळी सरळ उत्तर देतोच असंही नाही. तुम्ही ठरवा. घाई नाही."

मराठीच्या बाईंच्या डोक्यात लगेच वर्णमाला सुरू झाली. प, फ, ब, भ, म. पाचही ओठांवरचे. ओठ बधिर राहिला तर बुद्ध नाही, भीम नाही, बाबा नाही.

आणि दुसरी भीती याहून मोठी होती. आता ती गुपचूप घरी गेली, तर आजार आहे असं मानून जगता आलं असतं. आत्यानंही मानलं होतं. पण ओठातून उत्तर 'नाही' असं आलं तर? मग तो दगड पुन्हा शोधावा लागणार होता.

तिला मृगाआधीचं रान आठवलं. शेजारचे दत्तराव दर साली धूळपेरणी करायचे. कोरड्या मातीत सरकी टाकून आभाळाकडं बघत बसायचे. बाबांनाही म्हणायचे, टाका की तात्याराव, येतोय पाऊस. बाबा खुरपं उचलायचे. "उकरून बघतो आगुदर," एवढंच म्हणायचे. आणि ओल नसली तरी तोंड पाडून यायचे नाहीत. तरातरा यायचे, खणखणीत आवाजात सांगायचे, न्हाई अजून. जणू नसल्याचं कळणंही कमाईच होती.

"उकरून बघू," धम्मशीला म्हणाली.

"काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"बायोप्सी करू. आज होईल?"

आत्या परत खाली बसली. "दादाचं बोलायलीस गं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले, सहज, भसाभसा. पदरानं पुसत ती डॉक्टरांना म्हणाली, "उकरा. पर जपून उकरा. आमच्या पोरीला शाळंत बोलावं लागतंय."

दुपारी तीनला तिथल्याच सर्जननी ओठात भुलीची सुई टोचली. वीस मिनिटांत तीन टाके पडले आणि छोट्या बाटलीत ज्वारीच्या दाण्यांसारखं काहीतरी तरंगायला लागलं. रिपोर्ट आठ दिवसांनी. बाटलीवर स्वतःचं नाव वाचताना धम्मशीलेला हुरहूर नव्हती, घाई होती. आठ दिवस कसे काढायचे!

परतीच्या एसटीत आत्यानं तिला खिडकीशी बसवलं. तासातासाला डोळ्यांत घालायचे म्हणून थेंबांची बाटली स्वतःच्या मुठीत धरली. मग मोबाईल काढला आणि पुण्याला बुद्धभूषणला, धम्मशीलेच्या भावाला, फोन लावला. अंगणात बोलली होती त्याच आवाजात, सगळी एसटी ऐकेल असं बोलायला लागली.

"हां, भूषण! आरं, तिच्या डोळ्यात ओलच न्हाई! मशीन... न्हाई, कागद लावून मोजली! माझ्या डोळ्यांनी बघितली मी! चार हाय निस्ती, चार!... बेस कशाची रं मुडद्या, बोटं न्हाईत, मिलिमीटर! नखाएवढी बी न्हाई!... हां. आजार हाय का न्हाई ते आठ दिसांनी कळंल. कळू दे काय कळायचं ते. पर मी बोलले ते चुकीचं बोलले, सांग समद्यांला. अंगणात होते त्या समद्यांला सांग. न्हाईतर ऱ्हाऊ दे, मीच सांगते."

पुढच्या सीटवरच्या दोन बाया मागं वळल्या. कंडक्टरही तिकिटं फाडता फाडता थांबला. धम्मशीलेला खदखदून हसू येत होतं आणि टाके ताणले जात होते; बधिर ओठ दोन्ही हातांनी दाबून धरत ती म्हणाली, "आत्या, बास."

ते 'हास' असं ऐकू आलं.

"दुखायलंय का?" आत्यानं फोन कानाचा काढून विचारलं.

धम्मशीलेनं मान हलवली, नाही. मग तोंड खिडकीकडं करून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, तिनं ओठावर ओठ टेकवून बघितला. पहिल्यांदा नुसती हवाच गेली. दुसऱ्यांदा जमलं.

"बाबा."