जाहीर वाचन

ओलायाला एका जागी बसवेना. स्पेनमधल्या बादाहोसच्या एका शाळेच्या व्हरांड्यात जुलैचा उकाडा मी म्हणत होता आणि आतल्या वर्गातून आधीच्या उमेदवाराचा रडवेला आवाज येत होता. तो थांबला की हिची पाळी. सरकारी शाळेतली इंग्रजीच्या शिक्षिकेची कायमची नोकरी या एका वाचनावर अडली होती. चाळिशी दाराशी आली होती, परीक्षेनं दोनदा हुलकावणी दिली होती आणि खासगी शिकवण्यांवर दिवस ढकलायचा तिला आता वीट आला होता. त्यात समोरून, हातातला पंखा हलवत, तिची आई येताना दिसली.

"तुला येऊ नकोस म्हणाले होते ना?"

"दार सगळ्यांना उघडं असतं म्हणे," कासिल्दा शेजारी टेकत म्हणाली. "शेजारच्या बेनिल्देच्या भाच्याच्या वेळी अख्खं घर जाऊन बसलं होतं. माझ्या लेकीमागं कुणीच नको?"

"सगळं इंग्रजीत आहे. तुला काय कळणार?"

"लहानपणी पाद्र्याचं लॅटिन कुठं कळत होतं? तरी दर रविवारी बसायचेच की."

"आई, खाली बारमध्ये जाऊन काहीतरी थंड पी. मी येतेच."

"तुझं झालं की दोघी पिऊ."

आईला इंग्रजी कळत नाही हे खरं, पण कागदावर सगळंच काही इंग्रजीत नव्हतं.

लेखी परीक्षेत पिशवीतून विषयांचे आकडे काढले गेले आणि त्यांतून ओलायानं विषय निवडला तो 'शकणं', 'हवं असणं', 'लागणं' असं सांगणाऱ्या क्रियापदांचा. ती इंग्रजीत कशी चालतात, स्पॅनिशमध्ये कशी, हे उदाहरणं देऊन लिहायचं होतं. तिचे शिकवणीचे मास्तर एवारिस्तो नेहमी बजावायचे, "पुस्तकातली उदाहरणं ऐकून परीक्षक पेंगतात. स्वतःची द्या." हिनं स्वतःची दिली. पेपर लिहायच्या घाईत आणि उकाड्यात पाठ केलेली वाक्यं पळाली आणि इतकी वर्षं मनात दाबलेलं भराभरा कागदावर उतरलं. पेपर पाकिटात बंद झाला तेव्हा ती खुशीत होती. बाहेर आल्यावर तिला आठवलं, की हेच पाकीट आपल्याच हातानं फोडून पाच परीक्षकांपुढं, उघड्या दाराच्या वर्गात मोठ्यानं वाचायचं असतं. लिहिलंय तेच वाचायचं. शब्द गाळला की बाद.

तिचं नाव पुकारलं गेलं. कासिल्दा मागच्या बाकावर ऐसपैस बसली.

ओलाया वाचू लागली. कोपऱ्यातला टकलू परीक्षक तिच्या पेपरच्या कार्बन प्रतीवरून बोट फिरवत होता. अध्यक्षबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. पहिलं स्पॅनिश वाक्य आलं: "आईनं गोळ्या घ्यायलाच हव्यात." कासिल्दानं मान वर केली. दुसरं आलं, "आई एव्हाना झोपली असणार," आणि ती शेजारच्या बाईकडं वळून कुजबुजली, "ती मीच." सक्ती असो की अंदाज, इंग्रजीचं एकच 'मस्ट' दोन्हीकडं कसं राबतं, हे ओलाया समजावत होती आणि आई कौतुकानं हसत होती. ते हसू पाहून ओलायाला पळून जावंसं वाटलं.

पान उलटलं. आता 'कुड'. नुसतं 'कुड' म्हटलं की माणूस गेला की राहिला, ते इंग्रजीत कळत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र 'जाता आलं' की 'जाता येत होतं' हे ठरवूनच तोंड उघडावं लागतं. त्याखाली उदाहरण होतं. ओलाया थांबली.

"पुढे वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मॅडम, जरा पाणी."

ती सावकाश पाणी प्यायली. दोनच ओळी होत्या. पटकन खालच्या परिच्छेदावर उडी मारली तर? टकलूचं बोट नेमकं त्या ओळींवर येऊन थांबलं होतं आणि तो वर बघत होता. मागच्या बाकावरचा पंखा संथ हलत होता.

तिनं वाचलं. "मला आयर्लंडला, गॉलवेच्या शाळेत नोकरीला जाता येत होतं. मी गेले नाही. आईला माझ्याशिवाय राहता येत होतं. तिला राहायचं नव्हतं."

पंखा थांबला. उरलेली पानं ओलायानं कशी वाचली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं मागं पाहिलं नाही.

व्हरांड्यात आल्यावर कासिल्दा म्हणाली, "आवाज छान लागला होता तुझा."

"ती उदाहरणं होती, आई. व्याकरणाची."

"मग त्यात माझ्या गोळ्या कशा आल्या?"

ओलाया जिन्याकडं वळली.

"पाच परक्या माणसांना सांगितलंस," कासिल्दा म्हणाली. "आता मला सांग. माझ्याकडं बघून."

आत वाचताना तरी हातात कागद होता. ओलाया आईकडं वळली. "मला जाता येत होतं, आई. तुला माझ्याशिवाय राहता येत होतं."

"येत होतं," कासिल्दा म्हणाली. "तेव्हाही ठाऊक होतं मला. तुझे बाबा नुकतेच गेले होते. रिकाम्या घराची भीती वाटत होती, म्हणून चक्कर येते असं सांगत राहिले."

आईनं हे एकदा कबूल केलं की आपला राग निवेल, असं ओलायाला इतकी वर्षं वाटत आलं होतं. खरा राग आत्ता आला, इतका की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"पास झालीस तर लांबची जागा माग," कासिल्दा म्हणाली.

"मागणारच आहे."

ओलाया जिना उतरू लागली. आईचा हात धरायचं तिच्या लक्षात आलं नाही आणि आईनंही तो पुढं केला नाही. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत, कासिल्दा एकटीच खाली आली.