ओठावरचे ठिपके

डॉक्टरांनी काचेची पट्टी मुलीच्या खालच्या ओठावर दाबली. लाल ठिपका नाहीसा झाला. पट्टी उचलताच परत उगवला.

"असे ठिपके घरात आणखी कोणाला आहेत? नाकातून रक्त येतं कोणाच्या?"

बापाने मिशीवरून हात फिरवला. "आमच्यात कोणाला नाही. हिच्या माहेरचं रक्तच पातळ."

आईने पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली. वर्षभरात पोरीला रक्ताच्या बारा बाटल्या चढल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीचं खापर तिच्या माहेरावर फुटलं होतं.

"रक्त लहान आतड्यातून जातंय," डॉक्टर म्हणाले. "गिळायला दिलेल्या कॅमेऱ्याच्या गोळीला रक्ताशिवाय काही दिसलं नाही. रक्तवाहिन्यांचा दोष घराण्यातच असेल, तर असे ठिपके आतड्यात जागोजागी असतात. मग कापून उपयोग नाही, पोर हातची जाईल. तिला औषधांवर सांभाळता येतं. पण एवढ्या दोन ठिपक्यांवर मी तसं म्हणू शकत नाही. घरात कोणालाच नसेल, तर उद्या पोट उघडावं लागेल."

"उघडा," बाप म्हणाला.

चौकात त्याचं केशकर्तनाचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या दाढ्या करणाऱ्या या माणसाने स्वतःची ओठ झाकणारी मिशी एकदाच उतरवली होती, लग्नानंतरच्या तापात. तेव्हा बायकोने त्याचा वरचा ओठ पाहिला होता, आणि उशीवरचं नाकाचं रक्तही.

"उष्णता आहे," तो तेव्हा म्हणाला होता. "बाहेर बोललीस तर याद राख. रोगट माणसापुढे गळा कोण धरील?"

बावीस वर्षं तिने ब्र काढला नव्हता. आज व्हरांड्यात धीर केला.

"सांगून टाका ना हो. पोरगी आहे आपली."

"तुझ्या भावाचे ओठ तपास जा."

सकाळी वॉर्डातल्या मावशी पोटावरची लव काढायला साबण आणि वस्तरा घेऊन आल्या. धंद्याच्या सवयीने बापाने तो हातात घेऊन धार पाहिली.

"बोथट आहे. सांगितलं असतं तर माझा आणला असता."

"आई, खूप दुखेल का गं?" पोरीने विचारलं.

आईला त्याची भयंकर चीड आली. त्याहून जास्त स्वतःची. डॉक्टर दोन खाटा पलीकडे फेरीवर होते. तिने नवऱ्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला.

"डॉक्टर, जरा इकडे या. आधी यांची मिशी उतरवायची आहे."

सगळा वॉर्ड हसला. बापाने झटकन तळहाताने तोंड झाकलं. डॉक्टर हसले नाहीत. ते खिशात काचेची पट्टी शोधत होते.