दोन चुलींची शाळा

या, असे जवळ सरका. टाळकऱ्यांपुरती जागा मधे सोडा आणि बाकीचे पुढं या. मागं बसलं की अर्धी गोष्ट वारा घेऊन जातो. आज सांगतो ती गोष्ट पोथीतली नाही. नामदेवरायांचा जन्म ज्या मुलखात झाला त्या आपल्याच मुलखातली आहे. एका शब्दाची, दोन चुलींची, आणि तो शब्द ज्याच्या घशात अडकला त्या जळबाची.

जवळा बाजारच्या अलीकडं ओढ्याकाठी एक गाव आहे. नाव राहू द्या. नाव घेतलं की दोष एकट्या त्याच गावाला लागतो. ओढ्याच्या अल्याड गाव, पल्याड बौद्धांची वस्ती, आणि दोहोंच्या मधे जिल्हा परिषदेची शाळा. जळबा पल्याडचा. दुसऱ्याच्या रानात राबणारा, बोलायला धिमा, पण बोलला की बोललेलं निभावणारा. वस्तीचा एक रिवाज होता. निवडणूक लागली की रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळी घरं बसत, मत कुणाला द्यायचं ते ठरवीत, आणि ठरलेलं जळबा जाऊन त्या माणसाला सांगून येई. त्याला म्हणत वस्तीचा शब्द. वस्ती मूठभर, पण मूठ आवळलेली. म्हणून तर मतदान जवळ आलं की भल्याभल्यांच्या चपला जळबाच्या ओट्याखाली दिसायच्या.

वर्षानुवर्षं तो शब्द मार्तंडरावांना गेला. मार्तंडराव म्हणजे गावच्या विठ्ठलमंदिराचे पुजारी आणि सोसायटीत कारकून. गोड गळ्याचा माणूस. सप्ताहात कीर्तनकाराच्या मागं उभे राहून त्यांनी धृपद उचललं की मांडवात लेकरंसुद्धा चूप व्हायची. आणि नुसता गळाच गोड नव्हता बरं का. चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नामांतर झालं, आजूबाजूची गावं धुसफुसत होती, कुठून काय बातमी येईल याचा नेम नव्हता, तेव्हा हा माणूस उठला, ओढा ओलांडून आला आणि दिवसभर जळबाच्या ओट्यावर बसून राहिला. कुणाला काही म्हणाला नाही. बसला, चहा प्याला, विष्णुसहस्रनाम म्हणत राहिला. पुजारी तिथं बसलाय म्हटल्यावर गावातलं कुणी तिकडं फिरकलं नाही. असं उपकाराचं बसणं जळबा कसं विसरणार?

पुढं दोन हजार तीनच्या सुमारास शाळेत खिचडी आली. आधी लेकरांना महिन्याचे तांदूळ घरी मिळायचे. आता सरकारनं सांगितलं, शाळेतच शिजवा आणि गरम वाढा. शिजवायला गरजू बाई नेमायची होती. जळबाची बायको सोजराबाई वस्तीतली लग्नं शिजवणारी. मार्तंडराव शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनीच तिचं नाव पुढं केलं, आणि सोजराबाईनं शाळेच्या भिंतीला चूल मांडली.

पहिले काही दिवस लेकरं ताटल्या चाटूनपुसून खात होती. मग गावात एक नवल घडलं. पहिली-दुसरीतली लेकरं उपास धरू लागली. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधल्या वारी कुणाचं पोट दुखे. ज्या गावात मोठी माणसं एकादशीला लपून भजी खात, त्या गावची बारकी पोरं इतकी देवभक्त झाली! खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडावर कुणी आणत नव्हतं. या उपासांचं मूळ होतं संतराम पाटलाच्या ओसरीत. संतराम मार्तंडरावांचा पंचायतीतला विरोधक. तो काही बोलायचा नाही; नुसतं विचारायचा, "काय मग, पोरानं आज शाळेत काय खाल्लं?" तेवढ्यात काम भागायचं.

मार्तंडराव फार कष्टी झाले. त्यांना भांडण सोसत नसे. बरेच दिवस विचार करून ते एका सकाळी जळबाच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, तोड काढली आहे. सोजराबाईंचं काम जाणार नाही, त्यांचा पगार तोच राहील. गावातल्या लेकरांसाठी दुसरी चूल मांडू, तिच्यावर रुख्मिणीबाई शिजवतील. त्या विधवा आहेत, त्यांचंही पोट चालेल. सगळ्या लेकरांची पोटं भरतील, कुणी कुणावर रुसणार नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू देवानंच सुचवलं. आणि त्याच बसण्यात दुसरीही गोष्ट निघाली. पंचायतीत सरपंचपद बाईसाठी सुटलं होतं. मार्तंडरावांच्या पत्नी सरोजिनीताई वस्तीच्याच वॉर्डातून उभ्या राहणार होत्या.

जळबाच्या मनात काहीतरी खुपलं. पण समोर तोच माणूस बसला होता, त्याच ओट्यावर, चौऱ्याण्णव साली बसला होता तसाच. जळबा म्हणाला, "बराबर हाय तुमचं." आणि वस्तीला न विचारता, विहारात बसणं होण्याआधीच, त्यानं शब्दही देऊन टाकला. वस्ती मागाहून मान डोलवील याची त्याला खात्री होती. चूल जिची, तिला मात्र त्यानं सगळं झाल्यावर सांगितलं.

सोजराबाई ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. ती म्हणाली, "तांदूळ येकाच पोत्यातले, पानी येकाच हापशाचं. मंग इटाळ माह्या हातात हाय का माह्या चुलीत, तेवढं त्यांना इचारून या." जळबा काही विचारून आला नाही.

दोन चुली झाल्या. रुख्मिणीबाईची चूल व्हरांड्यापाशी, सोजराबाईची मागं मुतारीच्या अंगाला, पत्र्याखाली. लेकरांच्या दोन रांगा. पहिल्या दिवशी लेकरांना कळेचना की आपण कुठल्या रांगेत बसायचं. गुरुजींनी दंडाला धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांना कळलं. लेकरं लवकर शिकतात हो. शाळेत आणखी काय शिकवायचं असतं?

रुख्मिणीबाई मनानं वाईट नव्हती, पण तिनं जन्मभर दोन माणसांचा भात टाकलेला. मोठ्या पातेल्यात तिची खिचडी खाली करपे आणि वर कच्ची राही. एका दुपारी मार्तंडरावांची धाकटी लेक जान्हवी, दुसरीत होती ती, आपली करपलेली ताटली घेऊन उठली, शाळेला वळसा घालून मागं गेली आणि सोजराबाईपुढं ताटली धरली. सोजराबाईनं वाढलं. लेकरू पत्र्याखाली बसून पोटभर जेवलं, हात धुतले, वर्गात गेलं. झालं एवढंच.

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. पारावर संतराम सगळ्यांदेखत म्हणाला, "पुजाऱ्याची पोरगीच ओढा ओलांडून राहिली, मग आमच्या पोरांनी उपास काहून धरावे?" लोक हसले. मार्तंडराव हसले नाहीत. निवडणूक तोंडावर होती. त्यांनी समिती बसवली आणि नियम केला: ज्याची रांग त्याची चूल, एका चुलीवरच्या बाईनं दुसऱ्या रांगेतल्या लेकराला वाढायचं नाही. घरी लेकीला ते समजावू शकले नाहीत. काय सांगणार होते? म्हणून समजावण्याचं काम त्यांनी सोजराबाईवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी जान्हवी पुन्हा आली. ताटली धरून उभी राहिली. डाव पातेल्यात, पातेल्यातून वाफ निघतेय, आणि कोपऱ्यावर गुरुजी उभे. सोजराबाईनं गुरुजींकडं पाहिलं, गुरुजींनी जमिनीकडं. मग तिनं लेकराला सांगितलं, "बाई, तुला न्हाई."

लेकरू रडलं नाही. तिला वाटलं खिचडी संपली. तिनं वाकून पातेल्यात पाहिलं, पातेलं भरलेलं होतं. मग ती रिकामी ताटली घेऊन गेली.

त्या दिवशी सोजराबाई घरी आली ती भिंतीला टेकून बसली. जळबानं विचारलं, कुणी काही बोललं का? ती म्हणाली, "मला आजवर लई जणांनी न्हाई म्हणलं. पान्याला न्हाई, देवळात न्हाई. मी कंदी कोनाला म्हणलं न्हवतं. आज माह्या तोंडून म्हणवून घेतलं. ते बी लेकराला." आपण 'बराबर हाय' म्हणालो तेव्हाच हे 'न्हाई' तिच्या तोंडात घातलं गेलं, हे जळबाला तिथं उमगलं.

रविवारी विहारात बसणं झालं. त्याआधी संतरामचा माणूस वस्तीत येऊन गेला होता. आमची सत्ता आली तर शाळेत एकच चूल ठेवू, असा निरोप होता. पोरांना ते पटलं. म्हाताऱ्यांना चौऱ्याण्णव साल आठवत होतं. उपास कुणी सुरू केले तेही सगळ्यांना ठाऊक होतं. एक पोरगा जळबाला म्हणाला की आम्हाला न विचारता शब्द दिलाच कसा, वस्ती काय तुमच्या कोपरीच्या खिशात आहे का? जळबानं खाली मान घालून ऐकून घेतलं.

तेव्हा बायांतून सोजराबाई उठली. ती म्हणाली, मार्तंडराव वाईट नाहीत. शब्द मोडू नका. फक्त त्यांना सांगा, मतदानाआधी एक दिवस शाळेत या, लेकीचा हात धरून माझ्या रांगेत बसा, मी वाढते ते जेवा. मग वस्तीचं एकेक मत सरोजिनीताईंना. सगळ्यांना ते पटलं. काय मागितलं होतं? एक डाव खिचडी.

जळबा निरोप घेऊन गेला. मार्तंडराव देवळाच्या पायरीवर समया घाशीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. खोटं नाही सांगत, खरंच आलं. म्हणाले, "जळबा, तुझ्या घरी येतो. आत्ता येतो. सोजराबाईंच्या हातचं पोटभर जेवतो. पण शाळेत नको रे. सगळ्यांदेखत नको."

"घरी तर तुमी येतच व्हता," जळबा म्हणाला. मग तो थांबला. आयुष्यात न केलेली गोष्ट करायची होती. म्हणाला, "मी शब्द वापस घेऊन राहिलो, मार्तंडराव."

मार्तंडरावांच्या हातातली समई तशीच राहिली. ते म्हणाले, "ओट्यावर बसलो होतो मी तुझ्या." जळबा म्हणाला, ते विसरलो नाही, विसरणारही नाही. आणि निघाला. आपण ऋण फेडायचं सोडून पळतोय असं त्याला ओढा ओलांडेपर्यंत वाटत राहिलं.

वस्तीत येऊन त्यानं सांगितलं की माझ्याजवळ द्यायला शब्द उरला नाही. ज्यानंत्यानं आपल्या मनानं शिक्का मारावा. पहिल्यांदाच वस्ती एकेकटी मतदानाला गेली. कुणी रागानं संतरामकडं, कुणी उपकारानं मार्तंडरावांकडं. घराघरांत कुरबुर झाली, भाऊ भावाशी बोलेना. जळबा पडद्याआड बराच वेळ उभा राहिला. त्यानं शिक्का कुणावर मारला ते त्यानं सोजराबाईलाही सांगितलं नाही.

सरोजिनीताई थोडक्यानं पडल्या. संतरामचं पॅनल आलं, आणि त्यानं दिलेला शब्द पाळला की! शाळेत एकच चूल ठेवली. रुख्मिणीबाईची. मागची चूल पहारीनं उकलली, पत्रा काढून नेला. आता सगळ्यांना तीच वाढते. वस्तीच्या लेकरांच्या ताटलीत जरा उंचावरून, डाव ताटलीला लागू नये म्हणून. मतं तुम्हीच दिली असं गाव म्हणणार, म्हणून वस्तीला तक्रार करायलाही तोंड राहिलं नाही. आणि मूठ एकदा सुटली म्हणल्यावर ओट्याखाली चपलाही येईनात.

बाजाराच्या दिवशी मार्तंडराव वाटेत भेटले. रागावलेले नव्हते, थकलेले होते. एवढंच म्हणाले, "शब्द ठेवला असतास तर तिची चूल तरी राहिली असती." आणि ते खरं होतं. खोटं बोलले असते तर जळबाला सोपं गेलं असतं.

सोजराबाई आता वसमतच्या अंगाला हळद काढायला जाते. एका संध्याकाळी जळबानं तिला विचारलंच, "माहं चुकलं का गं?"

ती हात धूत होती. हळद काही निघत नव्हती. ती म्हणाली, "चुकलं ते पयल्या दिशी, मला न इचारता. वापस घेतला ते न्हाई चुकलं. चूल गेली, जाऊ द्या. आता मला कोन्या लेकराला 'न्हाई' तर म्हणावं लागत न्हाई."

पण वस्तीच्या लेकरांच्या त्या ताटल्या जळबाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, आणि अजून हलत नाहीत.

तर बाबांनो, मायबाईंनो, कीर्तनात आपली मान पुष्कळ डोलते. मान डोलवायला पदरचं काही जात नाही. एवढंच मागतो. उद्या पंगतीत वाढायला उभे राहाल आणि समोर एखादं लेकरू ताट धरील, तेव्हा क्षणभर त्या सोजराबाईला आठवा.